पहिलं पान रिकामं ठेवायचं

आमच्या ऑफिसात दर सोमवारी सकाळी घावणे यायचे आणि कोणाची तरी अब्रू जायची. दोन्हींची व्यवस्था साहेब जातीने बघायचे. घावणे नाचणे गावातल्या एका बाईंकडून यायचे, केळीच्या पानात बांधलेले, सोबत ओल्या नारळाची चटणी. अब्रूसाठी बाहेर जायची गरज नव्हती, आम्ही सातजण होतोच.

एमआयडीसीतली आमची जागा म्हणजे साहेबांच्या वडिलांची कोळंबी सोलायची जुनी शेड. काचा बसवल्या, एसी लावले, भिंतींना पांढरा रंग दिला, तरी पावसाळ्यात फरशीतून वास वर यायचाच. तिथे आम्ही मासेमारीच्या बोटींसाठी एक डबा बनवतो. डोलकाठीवर वाऱ्याचा सेन्सर, केबिनमध्ये डबा, डब्यावर छोटा पडदा. वारा किती, कुठून, बोट कुठे, खाली पाणी किती, हे तांडेलाला, म्हणजे बोट हाकणाऱ्याला, बसल्या जागी दिसावं म्हणून. डब्यात एक प्रोसेसर असतो आणि त्यावर एक फुकट मिळणारी, जुनी, भक्कम ऑपरेटिंग सिस्टिम. तिचा गाभा म्हणजे कर्नल. माझं काम त्या गाभ्यात. आई लोकांना सांगते की मी कॉम्प्युटर दुरुस्त करते, आणि मी तिला सांगू देते.

कर्नलचा एक स्वभाव आहे. आपण भलत्याच ठिकाणी पाय टाकला आणि आता पुढे जाणं धोक्याचं, असं त्याला कळलं की तो सगळं काम तिथल्या तिथे थांबवतो, आणि आपण कुठे, कोणत्या पत्त्यावर मेलो ते पडद्यावर लिहून ठेवतो. याला पॅनिक म्हणतात. जगभर लोक तो मजकूर बघतात, चूक शोधतात आणि दुरुस्त करतात. आमच्याकडे तो मोठ्याने वाचावा लागायचा.

ज्याच्या कोडमुळे आठवड्यात कर्नल पडला, त्याने सोमवारी फळ्याशेजारी उभं राहून पॅनिकचा मजकूर वाचायचा. पत्ता सोळा आकड्यांचा, आणि असे पत्ते ओळीने खाली. एकेक आकडा सुटा वाचायचा, आणि मराठीत वाचायचा. साहेब अमेरिकेत राहून आले तेव्हापासून त्यांना मराठीचा फार उमाळा. "आकडा तोंडातून गेला की डोक्यात राहतो," असं ते म्हणायचे. आवाज त्यांनी कधी चढवला नाही. "घाई नाही, सावकाश." "एक शून्य राहिलं का? परत पहिल्यापासून घेऊ या." सगळं गोडीगुलाबीने, अहोजाहो करून. बाकीचे आम्ही खात असायचो. खाल्लंच पाहिजे असा काही नियम नव्हता, पण गरम घावणा समोर असताना माणूस किती वेळ माणुसकी दाखवणार?

मीही वाचलंय. पहिल्यांदा आवाज कापला, पुढे सवय झाली. माझ्यासारखीला ती एक कटकट होती. भाईंना ती फाशी होती.

भाई इथल्याच, खाडीकाठच्या राजिवड्याचे. घराणं दर्यावर्दी, पण भाई स्वतः बोटीवर गेले नाहीत, आखातातल्या बंदरांत क्रेन चालवणाऱ्या कॉम्प्युटरांवर त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. तिथून ते परत आले ते आमच्याकडे. ऑफिसात वयाने सगळ्यात मोठे, साहेबांहूनही. लहानपणापासून ते अडखळत बोलायचे. सगळीकडे नाही, 'श'वर. शब्द 'श'ने सुरू झाला की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची, मान ताठ व्हायची आणि डोळे कुठेतरी लांब बघायला लागायचे. म्हणून त्यांनी जन्मभर आडवाटा शोधून ठेवल्या होत्या. शनिवारला ते 'जुम्म्याच्या दुसऱ्या दिवशी' म्हणायचे. शेंगदाण्यांना नुसते दाणे. शिरगावला 'आरे-वाऱ्याच्या वाटेवरचं गाव'. नव्या माणसाला वाटायचं, भाई जरा पाल्हाळिक आहेत.

आणि पॅनिकच्या मजकुरात निम्म्याहून जास्त काय असतं, तर शून्यं.

पहिल्या वाचनाला भाई 'झिरो' म्हणाले. साहेबांनी हसून बोट वर केलं. "मराठीत, भाई." दुसऱ्या वेळी त्यांच्या तोंडून 'सिफर' गेलं, आखातातली सवय. साहेब म्हणाले, "भाई, ही रत्नागिरी आहे, दुबई नाही." त्यावर सगळे हसले. मी हसले नाही, पण माझ्या तोंडात घास होता, त्यामुळे ते कोणाला कळलं नाही. तिसऱ्या वेळी मात्र भाई तयारी करून आले होते. फळ्याशेजारी उभे राहिले आणि खणखणीत आवाजात सुरू झाले, "पूज्य, पूज्य, पूज्य, चार, पूज्य..." त्यांच्या शाळेतले मास्तर गणित शिकवताना शून्याला पूज्य म्हणायचे. शब्द अस्सल मराठी, साहेबांच्या आजोबांच्या काळातला. मला वाटलं, आता साहेब अडकले.

साहेबांनी चटणी पुसत पुसत विचार केला. "पूज्य म्हणायला हे काय देवघर आहे? शून्य म्हणा, भाई. साधा शब्द आहे. लहान मुलं म्हणतात."

हे मराठीचं प्रेम नव्हे, हे मला त्या दिवशी समजलं. साहेबांना ते बघायला आवडायचं. एक मोठा, शिकलेला, चार देश बघितलेला माणूस एका अक्षराशी झटतोय आणि आपण खुर्चीत बसून त्याला धीर देतोय, यात त्यांना काहीतरी मिळायचं. काय मिळायचं ते मला सांगता येणार नाही, पण ते त्यांच्या तोंडावर दिसायचं. त्या सोमवारी घावणे गार होऊन त्यांचं चामडं झालं तरी वाचन चालूच होतं.

मग भाई सोडून का जात नव्हते? घरामुळे. आखातात असताना त्यांनी राजिवड्यात दोन मजली घर बांधलं होतं, खाडीकडे गॅलरी काढून. त्या गॅलरीत ते सुट्टीत तेवढे बसलेले. आता रोज संध्याकाळी बसायचे. रोज आपल्या ताटात, आपल्या माणसांत जेवतो, हे ते मला इतक्या वेळा सांगायचे की मी म्हणायचे, भाई, जेवण आहे, हज नाही. त्यांच्या बायकोने तर एकदा माझ्यासमोरच सांगून टाकलं होतं, "आता परत गेलाव तर हिकडं येव नका. मी दार उघडनार नाय." रत्नागिरीत कर्नलचं काम देणारी जागा एकच, आमची. ही सुटली की पुढे विमानतळच होता, हे भाईंना माहीत होतं आणि साहेबांनाही.

अशात साहेबांनी प्रोसेसर बदलला. नवा स्वस्त होता आणि वेगळ्याच घराण्यातला होता. आमच्या कामात प्रोसेसर बदलला की सगळ्यात आधी एक छोटी फाइल नव्याने लिहावी लागते. तिच्यात प्रोग्रॅम असा काही नसतो, नुसत्या व्याख्या. पण त्या चुकल्या तर बाकीचं सगळं बरोबर असूनही काही उपयोग नाही.

सोपं करून सांगते. डब्यात एका वेळी अनेक प्रोग्रॅम चालतात आणि प्रत्येकाला वाटतं की सगळी मेमरी आपल्याच बापाची. तो वापरतो ते पत्ते खोटे असतात. खरी जागा कोणती, हे प्रोसेसर एका तक्त्यात बघून ठरवतो. ही वाटणी पानांच्या हिशेबाने होते, आणि पान केवढं ते प्रोसेसरवर अवलंबून. त्या फाइलीत हेच सांगायचं असतं. पान केवढं. प्रोग्रॅमचे पत्ते कुठून सुरू व्हायचे आणि कुठे संपायचे. त्याचा स्टॅक, म्हणजे हातातल्या कामांची चळत, वरून खाली वाढत येतो, त्याला किती खाली येऊ द्यायचं. आणि त्या सगळ्याच्या वर कर्नलचा स्वतःचा इलाखा कुठून धरायचा. आपल्याकडे दोन बागांमध्ये गडगा असतो आणि भावाभावांत तो हातभर सरकतो, मग पिढ्यान्‌पिढ्या कोर्ट चालतं. इथे हातभर सरकला तर कोर्टापर्यंत जायचीही सोय नाही, डबा सुरूच होत नाही.

अशी फाइल लिहिताना कर्नल पडतो. पडायचाच. कोणीही लिहिली तरी सुरुवातीला दहा वेळा पडतो, पडला की एक सीमा सुधारायची, परत चालू करायचा. म्हणजे ज्याच्याकडे ती फाइल, त्याच्याकडे पुढचे सगळे सोमवार.

"साधं काम आहे," साहेब म्हणाले. "जुन्यावरून कॉपी करायचं, आकडे बदलायचे. भाईंना देऊ या."

मी म्हटलं, "मी करते."

"तुम्ही पडद्याचं बघा," साहेब म्हणाले, आणि माझ्या पानात आणखी एक घावणा वाढला.

भाईंनी कॉपी केली नाही. प्रोसेसरचं जाडजूड माहितीपुस्तक छापून घेतलं आणि शाळेतल्या पोरासारखे ओळीखाली पट्टी धरून वाचत बसले. जुन्या प्रोसेसरचं पान चार किलोबाइटचं होतं, याचं सोळाचं. तो एक आकडा बदलून भागत नाही, त्याच्यामागे सगळ्या सीमा सरकतात, कारण प्रत्येक सीमा पानाच्या कडेवरच पडावी लागते. त्यांनी मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर उभी पट्टी काढली, सगळ्यात खाली शून्य, सगळ्यात वर शेवटचा पत्ता, आणि मध्ये पेन्सिलीने एकेक सीमा आखत गेले. मला विचारायचे, "बाय, पडद्याच्या प्रोग्रॅमाला स्टॅक किती लागंल?" मी सांगितलं की त्याच्या दुप्पट धरायचे आणि खाली रिकामी पानं सोडायचे. चहावर साय धरायची. मी हसायचे, पण असं काम मी पुण्यातल्या आधीच्या नोकरीतही बघितलं नव्हतं.

आणि कर्नल उभा राहिला. पहिल्या काही दिवसांत पडला असेल-नसेल, पण त्या आठवड्याच्या शेवटी तो जो चालू झाला तो चालूच राहिला. पुढच्या सोमवारी वाचायला काही नव्हतं. त्याच्या पुढच्याही नाही. आमच्या सगळ्यांच्या चुका एकदम कुठे गेल्या, हे कोणी विचारलं नाही. सुखाने घावणे खाणारी माणसं असले प्रश्न विचारत नाहीत. साहेबांची सही झाल्याशिवाय गाभ्यात एक ओळ जात नसे, त्यामुळे ती फाइलही त्यांनी पाहिली होती आणि सही केली होती. मच्छीमार सोसायटीच्या लोकांना ते फोनवर सांगायचे, "आमचा नवा डबा पडतच नाही." भाई पूर्वी सोमवारी काहीच खायचे नाहीत, पोट बरं नाही म्हणायचे. आता ते चटणी मागून घ्यायला लागले. एकदा तर आखातातल्या एका क्रेनची गोष्ट त्यांनी अशी रंगवून सांगितली की साहेबही खळखळून हसले.

नारळी पौर्णिमा झाली, बोटी बाहेर पडल्या. सोसायटीच्या काही बोटींवर आमचे डबे बसवले. एक दिवस त्यातलाच एक तांडेल सरळ ऑफिसात आला, बोडक्याने.

"तुमचा डबा बोलतो वारा पडलाय," तो म्हणाला. "जयगडच्या म्होरं आमची बोट उभी-आडवी होतेय, खलाशी बारक्या पोरांवानी वकाऱ्या काडतायत, नि डब्यावर वारा सुन्य. दोन बोटी त्याला भुलून आमच्या मागनं भायेर आल्या. माजी टोपी उडून गेली, ती काय मी फेकली दर्यात?"

साहेबांनी त्याला चहा दिला, सेन्सर सैल झाला असेल म्हणाले, आणि मला बघायला सांगितलं.

मी टेबलावरचा डबा चालू केला आणि वाऱ्याच्या सेन्सरची वायर उपटली. खाऱ्या हवेत ती सुटणं काही नवल नाही. सुटली की डब्याने एक तर 'सेन्सर नाही' म्हणावं, नाहीतर पडावं. मेलेला डबा तांडेलाला कळतो, तो आभाळाकडे बघतो. आमचा डबा मेला नाही. पडद्यावर शांतपणे आलं, वारा शून्य, दिशा शून्य.

मी भाईंची फाइल उघडली. फार शोधावं लागलं नाही. प्रोग्रॅमचा सगळ्यात खालचा पत्ता, ही त्या फाइलीतली पहिली महत्त्वाची व्याख्या. ती कधी शून्य ठेवत नाहीत. पहिलं पान रिकामं सोडतात आणि पत्ते दुसऱ्या पानापासून सुरू करतात. कारण प्रोग्रॅममध्ये 'इथे काहीच नाही' हे सांगायला शून्य पत्ता वापरतात. कोणी गाफीलपणे त्यालाच खरा पत्ता समजून तिथे गेला, तर तिथे खरोखरच काही नसावं, म्हणजे तो तिथल्या तिथे पकडला जातो. आमच्या प्रोसेसरवर कर्नल आणि प्रोग्रॅम पत्त्यांच्या एकाच पट्टीवर राहतात, खाली प्रोग्रॅम, वर कर्नल, त्यामुळे कर्नल चुकला तरी त्याच पानावर येऊन पडतो. भाईंनी सगळ्यात खालचा पत्ता शून्य केला होता आणि त्या पहिल्या पानावर शून्यं भरून ठेवली होती. जो चुकेल त्याला शून्य मिळायचं आणि तो पुढे चालू लागायचा. आमच्यापैकी कोणाच्याच चुका कमी झाल्या नव्हत्या. पडायची जागाच भाईंनी बुजवली होती.

आणि शून्य पत्त्यावर कर्नल पडला असता तर पडद्यावर काय छापून आलं असतं? सोळा शून्यं, एकाशेजारी एक.

भाई माझ्या मागे उभे होते. केव्हापासून, कोण जाणे.

"हे कशाला केलंत?" मी विचारलं.

"तुमाला म्हाईत हाय कशाला," ते म्हणाले. "ती एक ओळ सोडून बाकी वाचली असती मी. कशी पन वाचली असती."

मला त्यांचा भयंकर राग आला. त्यांना वाचता येत नाही म्हणून तिकडे तीन बोटी फसव्या वाऱ्यात गेल्या होत्या. हा राग अर्धा दुसऱ्याच माणसाच्या वाट्याचा आहे हे कळत होतं, पण तो माणूस आत केबिनमध्ये होता आणि भाई समोर होते. मी म्हटलं, "माणसं मेली असती म्हणजे?" खुर्ची ओढून भाईंनी माझ्या शेजारी बसून ती व्याख्या बदलली, एक पान वर सरकवली, भरलेलं पान काढून टाकलं. नवा कर्नल डब्यावर चढवला आणि वायर परत उपटली.

कर्नल पडला, धाडकन. सोळा शून्यं, आणि त्याखाली ज्या फंक्शनमध्ये पडला त्याचं नाव. वाऱ्याचा सेन्सर वाचणारा तो कोड आमच्यापैकी कोणाचा नव्हता. तो साहेबांनी स्वतः लिहिला होता, कंपनी काढली त्या पहिल्या उत्साहात. नव्या पोरांना ते तो नमुना म्हणून वाचायला द्यायचे.

भाईंच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं. "बघा बाय," ते म्हणाले, "कोन पडला."

माझाही राग गेला. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. तीन बोटींचं सगळं विसरून मी सोमवारची वाट बघायला लागले.

मधल्या दिवसांत सोसायटीने सगळे डबे उतरवून घ्यायला सांगितले. मी केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "साहेब, ती फाइल तुम्ही पाहिली होतीत. सही तुमची आहे."

"पाहिली होती," साहेब म्हणाले. "आणि ते शून्य मला खटकलंही होतं. पण भाईंवर मी विश्वास ठेवला." ते खुर्चीत मागे रेलले. "मी कोणाच्या पोटावर पाय देणारा माणूस नाही. सोमवारी भाई ती ओळ सगळ्यांसमोर वाचतील, विषय संपेल. नोकरी तीच, खुर्ची तीच. आणि वाचायचीच नसेल तर त्यांना जबाबदारी नको आहे, असाच त्याचा अर्थ होईल ना?"

म्हणजे खटकलं होतं. खटकून सही केली होती, कारण डबा पडत नाही हे त्यांना हवंच होतं. मी भाईंना निरोप सांगितला. ते म्हणाले, "आधी त्यांचं वाचून होव दे."

सोमवारी घावणे आले. कोणी पान सोडलं नाही. साहेबांनी इकडेतिकडे बघितलं आणि स्वतःच उठले. "या आठवड्यात माझा नंबर आहे," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम." फळ्याशेजारी उभं राहून त्यांनी पॅनिकचा कागद हातात धरला.

आणि वाचलं. शून्य, शून्य, शून्य, शून्य, पाढा म्हणावा तसं, एका दमात, एकही न गाळता. सोळा झाल्यावर खालचे पत्तेही वाचले, ते संपल्यावर फंक्शनचं नावही वाचलं, आपलं स्वतःचं लाडकं नाव. सगळं मिळून चहाचा कप अर्धासुद्धा झाला नसेल. मग मान तिरकी करून म्हणाले, "चूक माझी. पुढे काळजी घेईन." पोरांनी टाळ्या वाजवल्या. किती मोठं मन आहे, असं माझ्या शेजारचा खरोखर पुटपुटला.

ज्या शिक्षेची आठवडाभर आम्ही वाट बघत होतो तिच्यात काही नव्हतंच. ज्याची जीभ चालते त्याला ती लागतच नाही. माझ्या हे कधी लक्षात आलं नव्हतं, आणि भाईंच्याही आलं नसावं, कारण मी वळून बघितलं तेव्हा त्यांच्या तोंडावरचं ते हसू तसंच राहून गेलं होतं, काढायला विसरल्यासारखं.

"आता भाई," साहेब बसता बसता म्हणाले. "तुम्हाला सोळा नाहीत. खालच्या पत्त्याची तुमची ती ओळ. एकच आकडा आहे."

भाई उठले, फळ्याशेजारी गेले. ओळीतलं नाव त्यांनी नीट वाचलं. मग मान ताठ झाली. तोंड उघडलं, ओठ पुढे आले, आतून बारीक हवा येत राहिली, आणि शब्द आला नाही. त्यांनी डोळे मिटले, परत पहिल्यापासून नाव वाचलं, परत त्याच जागी आले, परत हवा. गळ्याची शीर दोरीसारखी वर आली. समोरचा एकजण घावण्याचा तुकडा हातात धरून बसला होता, तो त्याला खाताही येईना आणि ठेवताही येईना. साहेब गालावर हात टेकून बघत होते, कुठेही कंटाळा नाही.

मी म्हटलं, "साहेब, पुरे."

साहेबांनी माझ्याकडे वळून हळू आवाजात सांगितलं, "मी त्यांना वेळ देतोय. घाई तुम्ही करताय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. भाईंनीही बघितलं. मी पुढ्यातलं पान सरळ केलं.

भाईंनी कागद खाली ठेवला. "पूज्य," ते म्हणाले, अगदी स्वच्छ.

"शून्य," साहेब म्हणाले.

"पूज्य."

"भाई, माझ्याकडे वेळ आहे. शून्य."

"पूज्य," भाई तिसऱ्यांदा म्हणाले, आणि आपल्या जागेवर येऊन त्यांनी जेवणाचा डबा आणि चष्म्याचं घर पिशवीत टाकलं. कॅलेंडरची ती पट्टी भिंतीवरून काढली, घडी घातली, मग काय वाटलं कोण जाणे, माझ्या टेबलावर ठेवली. सगळे बघत होते म्हणून मी "थांबा" म्हटलं नाही. बाहेर त्यांच्या चपलांचा आवाज विरेपर्यंत कोणी खाल्लं नाही. मग खाल्लं.

भाई आखातात परत गेले. दुसरं कुठलं बंदर, त्याच क्रेनी. मी राजिवड्यात गेले होते तेव्हा त्यांच्या बायकोने मला आत बोलावलं नाही, दारातच उभं केलं आणि विचारलं, "एक अक्सर नाय बोलता आलं म्हनून?" वर गॅलरीत खुर्ची उलटी करून ठेवलेली दिसली. दार मात्र तिने भाईंसाठी उघडं ठेवलं असणार, असं मला आपलं वाटतं.

ती फाइल आता माझ्याकडे आहे. सीमा सगळ्या भाईंच्याच, मी एकही हलवली नाही. साहेबांनी वाऱ्याचा कोड दुरुस्त करून घेतला, माझ्याकडून, आणि डबे परत बोटींवर चढले. भाई अधूनमधून मेसेज करतात. बोलत नाहीत, लिहितात. परवा विचारलं, पहिलं पान रिकामं आहे ना? मी लिहिलं, आहे. त्यांनी अंगठा पाठवला.

पान रिकामं आहे म्हणून कर्नल परत पडू लागलाय, आणि वाचन परत सुरू झालंय. मागच्या सोमवारी माझा नंबर होता. फळ्याशेजारी उभी राहिले तेव्हा माझ्या डोक्यात एकच शब्द होता, भाईंचा, आणि तो मला म्हणायचा होता. घरून तसं ठरवून आले होते. साहेबांनी चटणीतून बोट वर करून "हं" म्हटलं. माझं घर इथे आहे, आई इथे आहे, आणि रत्नागिरीत अशी जागा एकच आहे. मी वाचलं. शून्य, शून्य, शून्य, शून्य, सोळाच्या सोळा, एकदाही न अडखळता.

"बघा," साहेब पोरांना म्हणाले, "वाचावं तर असं." आणि त्यांनी माझ्या पानात एक जास्तीचा घावणा वाढला. गरम होता. मी खाल्ला.